लक्ष देणे लागतो

मराठीत ‘लक्ष’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे अवधान आणि दुसरा म्हणजे एक लाख. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतला कारकून असल्यामुळे मला नेहमी दुसरा अर्थ आधी सुचतो. ‘जरा इकडे लक्ष द्या’ असं कुणी म्हणालं, की हा गृहस्थ आपल्याकडे एक लाख रुपये मागतो आहे, आणि तेही विनातारण, असा मला क्षणभर भास होतो. मग त्याला नुसतं पासबुक भरून हवं आहे हे कळतं आणि जीव भांड्यात पडतो.

पण अलीकडे मला वाटू लागलं आहे, की आपल्या पूर्वजांनी हे दोन अर्थ एकाच शब्दात कोंबले ते काही शब्दांच्या टंचाईमुळे नव्हे. लक्ष ही लाखमोलाची चीज आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. शिवाय ‘देणं’ या शब्दाचीही तीच तऱ्हा. ‘गळा म्हणजे देवाचं देणं’ म्हणतो तेव्हा ते फुकट मिळालेलं असतं, आणि ‘वाण्याचं देणं’ म्हणतो तेव्हा ते फेडायचं असतं. मग ‘लक्ष देणं’ यातलं देणं कुठलं? दान की कर्ज? द्यायचं तर मेहेरबानी म्हणून द्यायचं, की लागतं म्हणून द्यायचं?

प्रश्न रिकामटेकडा वाटतो खरा. तत्त्वज्ञान हा विषय कॉमर्सला नव्हता, त्यामुळे असल्या प्रश्नांची मला सवयही नाही. पण हल्ली हा प्रश्न गावोगावच्या शाळांच्या वऱ्हांड्यात उभा असलेला दिसतो. उभाच असतो बिचारा, कारण समोरचे गुरुजी मोबाईलमध्ये बघत असतात.

आता सुरुवातीलाच एक खुलासा करून ठेवतो. मास्तरांची थट्टा करणं हा मराठी विनोदाचा जुना आणि सुरक्षित धंदा आहे. मास्तर मनावर घेत नाहीत आणि घेतलं तरी फार तर शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्र परत पाठवतात. पण मला तो धंदा करायचा नाही. पूर्वीचे गुरुजी कसे डोळ्यांत तेल घालून मुलांकडे बघायचे आणि आताचे कसे बघत नाहीत, हे प्रवचनही मला द्यायचं नाही. कारण पूर्वीचे गुरुजी कसे होते हे मी स्वतः पहिल्या बाकावरून पाहिलेलं आहे.

पूर्वीचे गुरुजीही दुर्लक्ष करीत. त्यात त्यांचा हातखंडा होता. कुणी तपकीर ओढीत, कुणी तंबाखू मळीत, कुणी जेवणानंतरच्या तासाला ‘पान सत्तावीस मनातल्या मनात वाचा’ असं सांगून डोळे मिटीत. एक बाई वर्गात स्वेटर विणायच्या. आम्ही तिसरीतून चौथीत गेलो तेव्हा स्वेटरच्या दोन्ही बाह्या पुऱ्या झाल्या होत्या. एक गुरुजी वर्तमानपत्र वाचीत. तेव्हा दुर्लक्षाचा शोध काही मोबाईलच्या कंपनीनं लावलेला नाही.

मग फरक काय पडला? बराच पडला आहे. विणणाऱ्या बाईंचे हात गुंतलेले असत, पण कान आणि डोळे वर्गात असत. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, की टाका न चुकवता त्या नावानिशी हाक मारीत. वर्तमानपत्राला शेवटचं पान असे. छोट्या जाहिराती आणि बाजारभाव वाचून झाले, की गुरुजींना नाइलाजानं का होईना, पण आमच्याकडे वळावं लागे. मोबाईलला शेवटचं पानच नाही. आणि झोपलेल्या गुरुजींबद्दल बोलायचं, तर झोपलेला माणूस सगळ्या जगाकडे सारखंच दुर्लक्ष करतो. त्यात कुणाचा अपमान नसतो. जागा असलेला माणूस आपल्याकडे न बघता दुसऱ्या कुणाकडे बघून हसतो, तेव्हा मात्र आत काहीतरी टोचतं. झोप ही कुणाची सवत नसते, मोबाईल ही सवत आहे. आमच्या सौभाग्यवतींचं हे मत आहे. ते शाळांबद्दल नव्हतं, पण इथेही लागू पडतं म्हणून घेतलं.

इंग्रजीत या प्रकाराला ‘फबिंग’ असा शब्द आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियात एका शब्दकोशाच्या जाहिरातीसाठी मंडळी जमवून तो मुद्दाम घडवण्यात आला. फोन आणि उपेक्षा यांच्यासाठी त्या भाषेत असलेल्या शब्दांचा तो संकर. आपल्याकडे असला शब्द घडवायला समिती नेमली असती, तर तिच्या पहिल्याच बैठकीत सगळे सदस्य मोबाईलमध्ये बघत बसले असते. तशी गरजही नाही म्हणा. आपल्याकडे ‘तोंडदेखलं’ हा शब्द आहेच. निदान त्यात तोंड तरी बघत असत. आता तेही गेलं.

इतिहासात थोडं डोकावलं तर एक मजेदार योगायोग दिसतो. भारतातलं पहिलं मोबाईलवरचं बोलणं झालं ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. आणि शाळेतल्या मुलांना दुपारचा आहार देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे मोबाईल आणि खिचडी ही पंधरा दिवसांच्या अंतरानं जन्मलेली भावंडं. त्या वेळी एकाचं घर श्रीमंताचं होतं आणि दुसऱ्याचं गरिबाचं. पुढे ही दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत एकत्र येतील आणि गुरुजींच्या दोन्ही हातांना धरून त्यांना वर्गाबाहेर काढतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ज्योतिषालाही हसू आलं असतं.

दुसरा योगायोग त्याहून वरचा. ज्या दिवसापासून आपल्या देशात इंटरनेट पाण्यासारखं वाहायला लागलं, तो जिओची सेवा सुरू झाल्याचा दिवस म्हणजे २०१६ सालचा ५ सप्टेंबर. शिक्षक दिन! डॉक्टर राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी १९६२ पासून आपण शिक्षकांना गुलाबाचं फूल देत आलो. त्या वर्षी बाजारानंही शिक्षकांना भेट दिली. फूल संध्याकाळपर्यंत सुकलं, भेट अजून ताजी आहे.

आता प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाखेनं मला मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात पाठवलं होतं. शाळेतल्या मुलांची शिष्यवृत्तीसाठी खाती उघडायची होती. दोन शिक्षकी शाळा. एक शिक्षक तालुक्याला मीटिंगला गेलेले, दुसरे तिसरी-चौथी एकत्र घेऊन बसलेले. पस्तिशीचे, सभ्य, हसतमुख. मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ‘एकच मिनिट हं साहेब’ असं म्हणून ते मोबाईलमध्ये गेले. ‘गेले’ हाच शब्द बरोबर आहे. शरीर खुर्चीत होतं.

दाराशी एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी.

“गुरुजी, लेकाचा दाखला पाह्यजे होता.”

“हं.”

“उद्याच्या गाडीनं पुण्याले जातो आमी कामाले. तिकडच्या शाळेत घालाचं म्हन्ते त्याचा बाप.”

“हं, हं.”

बाई थोडा वेळ थांबली. मग माझ्याकडे पाहून, माफी मागितल्यासारखं हसून म्हणाली, “सरकारी काम असन बापा. बसतो मंग.” आणि उंबऱ्याबाहेर टेकली. तिला राग आला नाही. राग यायला आपल्यालाही काही किंमत आहे असं वाटावं लागतं, आणि ती सवय तिला कुणी लावलेली नव्हती. वीस मिनिटं ती तिथे बसली होती. मी मोजली, कारण मोजणं हा माझा पेशाच आहे.

तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. गुरुजींनी मोबाईलवरची नजर न काढता डाव्या हातानं वहीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, “छान. पुढचं.” मुलगी वळली तेव्हा वही माझ्या बाजूला आली. वहीत लिहिलं होतं: सात आठे चौपन्न.

तुम्हाला यात काय वाटेल मला माहीत नाही, पण बँकेत हयात घालवलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. न बघता व्हाउचर पास करणं याला आमच्याकडे क्षमा नाही. दोन रुपयांचा फरक राहिला तरी संध्याकाळी आम्ही घरी जात नाही. इथे तर भर दिवसा, साक्षीदारासमोर, दोन रुपयांची चुकीची नोंद मंजूर झाली होती आणि त्यावर शाळेचा शिक्का पडला होता.

मी मुलीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हटलं, “बेटा, सात आठे किती?”

“छप्पन्न,” ती चटकन म्हणाली.

“मग चौपन्न का लिहिलंस?”

तिनं एकदा गुरुजींकडे पाहिलं, ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि मला पृथ्वीच्या पाठीवरचं एक गुपित सांगितलं, “पाहून राह्यली होती. सर मोबाईलात असले का मंग सारंच बरोबर रायते.”

तिच्यामागे तीन मुलं वह्या घेऊन रांगेत उभी होती. पहिल्याच्या वहीत मांजर काढलेलं होतं. त्यालाही ‘छान, पुढचं’ मिळालं. वर्गभर खुसखुस पिकली. म्हणजे त्या मुलांनी गुरुजींच्या दुर्लक्षाचा खेळ केला होता. मुलं खेळ कशाचाही करतात हे खरं, पण या खेळातून ती काय शिकत होती? कुणी बघत नसेल तर चूक आणि बरोबर यांत काही फरक नसतो, हे. हा धडा तिसरीच्या अभ्यासक्रमात नाही. तो साधारणपणे माणसाला चाळिशीत कळतो, आणि तो ज्यांना लवकर कळतो ती माणसं पुढे बँकांना फार महागात पडतात.

चहा आला तेव्हा गुरुजी मोबाईलमधून परत आले. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच मोबाईल माझ्यापुढे धरला. “बघा साहेब, तुम्हीच बघा,” ते म्हणाले. मी बघितलं. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, निवडणुकीचा ग्रुप. प्रत्येकात ‘तात्काळ’ हा शब्द. एका ठिकाणी ‘अतितात्काळ’, आणि त्याच्याखाली ‘आत्ताच’. आज किती मुलं जेवली ते ॲपमध्ये भरा. हात धुतानाचा फोटो टाका. रोपट्याला पाणी घालतानाचा फोटो टाका. कालच्या फोटोत रोपटं दिसतं, पाणी दिसत नाही, पुन्हा टाका.

“या पोरीनं खिचडी खाल्ली का नाही,” गुरुजी म्हणाले, “हे वेळेत कळवलं नाही तर मला नोटीस येते. तिला पाढा आला का नाही, हे कळवलं नाही तर कोणालाच काही होत नाही.”

याच्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या क्षणी ती मुलगी जेवली ही बातमी तालुक्याला, जिल्ह्याला आणि तिथून कदाचित पुण्या-मुंबईलाही पोहोचली होती. फक्त तीन फुटांवरच्या खुर्चीत ती पोहोचली नव्हती.

आमचा वाशिम जिल्हा तसा वयानं लहान. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. एके काळी वत्सगुल्म या नावानं वाकाटकांची राजधानी होता हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो, कारण त्यानंतरचं सांगण्यासारखं लवकर आठवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं मागास न म्हणता ‘आकांक्षित’ असं गोड नाव देऊन देशभरातले शंभरावर जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार, आणि त्या चारांत आम्ही. शिक्षण, आरोग्य वगैरे विषयांतले आकडे घेऊन या जिल्ह्यांची क्रमवारी लावतात. हेतू उत्तम. पण आकडे आकाशातून पडत नाहीत. ते कुणीतरी भरावे लागतात. आणि खेड्यात पेन धरता येणारा, मोबाईल असलेला आणि नाही म्हणू न शकणारा सरकारी माणूस शोधत गेलं, की वाट शाळेच्या दारात संपते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सत्ताविसावं कलम आहे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतलं मदतकार्य सोडून शिक्षकांना शिक्षणाखेरीज दुसऱ्या कामाला लावू नये, असं ते म्हणतं. कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं, की गुरुजींना शाळेतून उचलून दुसरीकडे नेऊन बसवतील. शाळेत बसलेले ठेवूनच त्यांना दुसरीकडे नेता येतं, ही युक्ती तेव्हा नीटशी निघायची होती.

म्हणजे झालं काय? आमच्या भाषेत सांगायचं तर गुरुजींच्या लक्षाच्या खात्यावर आधीच बोजा चढलेला आहे. खातेदार तिसरीतली मुलगी. पण ती पैसे काढायला आली की कळतं, वरच्यांनी शिल्लक आधीच उचलली आहे.

एवढ्यावर गुरुजींना निर्दोष सोडून मी घरी आलो असतो. पण मोबाईल दाखवता दाखवता त्यांचं बोट जरा पुढे सरकलं आणि अतितात्काळच्या खाली गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ सकाळ’ निघालं, त्याखाली कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ आणि त्याखाली क्रिकेटचा स्कोअर. गुरुजी ओशाळं हसले. “हे आपलं मधे मधे,” म्हणाले.

खरी गोम इथे आहे. पूर्वी हजेरीपट वेगळा दिसायचा आणि वर्तमानपत्र वेगळं दिसायचं. गुरुजी काम करताहेत की टाईमपास, हे वऱ्हांड्यातून सांगता यायचं. मोबाईलमध्ये दोन्हीची बैठक एकच. मान खाली, अंगठा वर-खाली. आहाराचे आकडे भरणारा आणि लग्नाचा व्हिडिओ बघणारा बाहेरून हुबेहूब सारखे. त्यामुळे कामसू शिक्षकावरही संशय येतो, आणि कामचुकार शिक्षकालाही सरकारी कामाची शाल पांघरता येते. कधी कधी तर आपण आत्ता यांतलं नक्की काय करतो आहोत, हे त्या माणसालाही सांगता येणार नाही.

फ्रान्सनं २०१८ साली कायदा करून शाळकरी मुलांचे मोबाईल शाळेत बंद केले. इतरही देश त्या वाटेनं निघाले. २०२३ मधल्या युनेस्कोच्या अहवालात असं दिसलं, की शाळेत स्मार्टफोनला मनाई करणारे देश जगात चारांत एकाहूनही कमी होते. पण या सगळ्या चर्चेचा रोख मुलांच्या दप्तराकडे असतो. टेबलाच्या पलीकडच्या खिशाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मूल मोबाईल बघतं तेव्हा ते बिघडतं. मोठा माणूस बघतो तेव्हा तो कामात असतो. ही विभागणी मोठ्या माणसांनी केलेली आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता ते दान की कर्ज, याचा निकाल लावू. फ्रान्समध्ये सिमोन वेल नावाची एक विदुषी होऊन गेली (१९०९ ते १९४३). ती शाळेत तत्त्वज्ञान शिकवायची. एखाद्याकडे मन लावून लक्ष देणं हे दुर्मिळात दुर्मिळ आणि निर्मळ असं औदार्य आहे, असं तिचं म्हणणं. म्हणजे तिनं ही नोंद दानाच्या खात्यात केली. एवढ्या मोठ्या बाईच्या नोंदीला हरकत घेणं कारकुनाला शोभत नाही. पण मला वाटतं, खातं माणसागणिक बदलतं. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्याचं बोलणं तुम्ही थांबून ऐकलंत, तर ते औदार्य. पण ज्याला त्या लक्षाचाच पगार मिळतो, त्यानं समोरच्याकडे बघितलं तर ते औदार्य नव्हे, परतफेड आहे. मी खातेदाराला त्याचेच पैसे दिले आणि ‘बघा, किती उदार आहे मी’ म्हटलं, तर तो मला वेड्यात काढील. मुलगी वही घेऊन टेबलाशी येते ती भिक्षा मागायला येत नाही. चेक वटवायला येते.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे गुरुजींनी सारखं मुलांच्या तोंडाकडेच बघत बसायचं का? मुळीच नाही. नुसतं बघणं म्हणजे लक्ष नव्हे. मी काउंटरवर नोटा मोजतो तेव्हा समोरच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला राग येत नाही, उलट मी मान वर केली तर तोच घाबरतो. कारण मी मोजतो आहे ते त्याचंच. गुरुजी फळ्यावर लिहितात तेव्हा तर चक्क वर्गाकडे पाठ करतात. शेकडो वर्षं गुरुजी पाठ करीत आले आणि एकाही मुलाला वाटलं नाही, की आपला अपमान झाला. कारण ती पाठ त्याच्यासाठीच फिरवलेली असते. तेव्हा कसोटी सोपी आहे. मान कुठे वळली हे बघू नका, ती कुणासाठी वळली ते बघा.

हीच कसोटी मोबाईललाही लावा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्याच मोबाईलचा फळा केला आणि २०२० सालचं दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळवलं, वर त्यातली अर्धी रक्कम बाकीच्या अंतिम स्पर्धकांत वाटायचं जाहीर केलं. त्याच वर्षी करोनानं शाळांना कुलपं लागली तेव्हा कित्येक गावांत मोबाईल हीच शाळा होती. यंत्राचा काही गुन्हा नाही. प्रश्न एवढाच, की मोबाईलचं तोंड मुलाकडे आहे की पाठ मुलाकडे आहे.

नजरेची किंमत कळायला आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला फार लांब जावं लागू नये. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. दुरून दुरून माणसं तिथे येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात. कशासाठी? गुरूची कृपादृष्टी व्हावी म्हणून. कृपा-दृष्टी. गुरूनं काही द्यावं असं नाही, बोलावं असंही नाही, नुसतं बघावं. आपल्या परंपरेत तर गुरूनं नजरेनं दीक्षा दिल्याच्या गोष्टी आहेत. एवढं भांडवल ज्या पेशापाशी वडिलोपार्जित आहे, त्यानं ते चार्जरला लावून बसावं याचं वाईट वाटतं.

शिष्याकडे न बघितल्याचा आपल्याकडचा सगळ्यांत गाजलेला खटला अर्थातच एकलव्याचा. द्रोणाचार्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही ते नाहीच, वर अंगठा मागितला. आताचे गुरुजी तसं करीत नाहीत. त्यांना कुणाच्या अंगठ्याची गरज नाही, त्यांचा स्वतःचाच गुंतलेला असतो. पण या अंगठ्याची मला जरा जास्तच गंमत वाटते. आमच्या बँकेत जुन्या खात्यांवर अजून अंगठे आहेत. गावोगावच्या मास्तरांनी आयुष्यं घालवून ते अंगठे पुसले आणि तिथे सह्या आणल्या. ज्यांनी गावाला अंगठ्यातून सोडवलं, तेच आता अंगठ्यात सापडले.

उपाय? उपाय सुचवण्याची माझी पात्रता बी. कॉम. सेकंड क्लास एवढीच आहे. पण आमच्या धंद्यात एक चांगली पद्धत आहे. दिवसभर काय वाटेल ते होवो, संध्याकाळी एकदा हिशेब बंद होतो. त्याला आम्ही डे-एंड म्हणतो. सरकारनं शाळांसाठीही एक डे-एंड ठरवावा. खिचडी, हातधुणं, रोपटं, पाणी, जे काय ते शाळा सुटल्यावर एकदाच विचारावं. सव्वाबाराला शिजलेल्या खिचडीचा आकडा पाचला कळला म्हणून ती कुणाच्या पोटातून परत येणार नाही. ‘तात्काळ’ हा शब्द शाळेच्या वेळात वापरायला बंदी करावी. खरोखर तातडीचं असेल तर शिपाई पाठवावा. निम्म्या गोष्टी तातडीच्या नव्हत्या हे शिपाई निघायच्या आत लक्षात येईल.

आणि गुरुजींनी? त्यांनी सरकारशी भांडायला पाहिजे हे मी कुठल्या तोंडानं सांगू? सरकारशी भांडण सोपं असतं तर माझ्या पगारवाढीचा करार इतकी वर्षं रखडला नसता. पण त्या सरकारी ओझ्याखाली जो ‘मधे मधे’चा भाग आहे, तो तरी त्यांच्या हातात आहे. तो गुलाब, तो व्हिडिओ, तो स्कोअर. तेवढी शिल्लक त्यांनी मूळ खातेदाराला परत केली तरी पुष्कळ होईल.

कारण या खात्याची एक वाईट अट आहे. लक्ष साठवून ठेवता येत नाही. आज दिलं नाही म्हणून उद्या व्याजासकट देऊ, असं चालत नाही. एकतीस मार्चला न वापरलेलं अनुदान जसं परत जातं, तसं तिसरीतल्या मुलीला तिसरीत न दिलेलं लक्ष चौथीत देता येत नाही. तोवर तिनं वही दाखवणं बंद केलेलं असतं. मुलं आपल्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून तक्रार करीत नाहीत, ती फक्त येणं थांबवतात. खातं बंद झालं की नाही हे कळायलाही मग बराच काळ जातो.

त्या दिवशी निघताना दारातल्या बाईचा दाखला गुरुजींनी शेवटी लिहून दिला. नीट, वळणदार अक्षरात, मुलाची जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत. मोबाईल उपडा करून त्यांनी तो कागदावर वजन म्हणून ठेवला होता. त्याचा इतका चांगला उपयोग मी तरी दुसरा पाहिला नाही. लिहायला चार मिनिटं लागली. आणि दाखला हातात देताना गुरुजींनी मान वर करून बाईला विचारलं, “पोरगा कुठे आहे? जायच्या आधी भेटवून नेजो त्याले.” बाईचा चेहरा असा काही उजळला, की वीस मिनिटं उंबऱ्यावर बसल्याचं देणं तिनं जागच्या जागी माफ करून टाकलं.

गरिबांचा हा मोठेपणा आहे, ते मुद्दल मिळालं की व्याज सोडून देतात. पण मुद्दल तरी द्यायला नको का? सात आठे छप्पन्न आहेत की चौपन्न, हे वर बघून सांगायला फार तर दोन सेकंद लागतात.